मास्तरांचं इंग्लिश

मास्तरांना घाई करता येत नसे. करायची नव्हती असं नाही, येतच नसे. काहींना पोहता येत नाही, काहींना शिट्टी वाजवता येत नाही, तशी मास्तरांना घाई. नेरच्या बसस्टँडसमोरचा रस्ता ते ओलांडू लागले की अमरावतीकडून येणारी एसटी थांबायची. ड्रायव्हर हॉर्न द्यायचा नाही, कारण हॉर्न वाजला की मास्तर रस्त्याच्या मधोमध उभे राहून तो कोणत्या पट्टीतला आहे ते ऐकायचे आणि आणखी उशीर व्हायचा. आणि अशा माणसानं उभ्या आयुष्यात धंदा कोणता केला, तर वराती वाजवायचा.

स्टँडसमोर तेव्हा माझं कॅसेटचं दुकान होतं. आता त्याच गाळ्यात मी मोबाइलचे रिचार्ज मारतो, आणि मास्तर जाऊनही बरीच वर्षं झाली. त्यांचा बँड अकरा माणसांचा. लाल कोट, खांद्यावर पिवळ्या गोंड्यांची झालर, आणि सगळ्यांच्या पुढे क्लॅरिनेट घेऊन मास्तर. बँडचं खरं नाव कोटांच्या पाठीवर लिहिलेलं होतं, पण त्या नावानं कुणी ओळखत नसे. 'इंग्लिशवाला बँड' म्हटलं की नेर तालुक्यातलं लहान पोरही बोट दाखवायचं. मुहूर्त टळून जायचा, मुलीकडचे दोन-दोनदा निरोप पाठवायचे, आणि वरात अजून हनुमान मंदिरापाशीच असायची. कुणी अंगावर आलं की मास्तर तोंडातून क्लॅरिनेट काढून म्हणायचे, "लगन का रोज होते बाप्पा? लौकर पोचून करता काय?" यावर उत्तर सुचेपर्यंत त्यांनी पुढची ओळ सुरू केलेली असायची.

हे इंग्लिश म्हणजे एक गाणं. वणीकडच्या कोळशाच्या खाणीवरून एक इंजिनियर साहेब बदलून निघाले, तेव्हा तिथल्या कामगारांनी निरोपाला मास्तरांचा बँड नेला होता. साहेबांचं मन भरून आलं. किंवा सामान फार झालं असेल. त्यांनी आपला जुना टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट मास्तरांच्या हातात ठेवली. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला तिसरं गाणं. आधी एकटा पियानो, मग गाणारा माणूस, मग कुठून तरी लांबून गिटार, आणि ड्रम इतका हलका की शेजारी कुणी आजारी झोपलं असावं. मास्तर मला म्हणाले होते, "पहिल्यांदा ऐकलं ना विनूभाऊ, तं मले वाटलं हा मानूस आपल्यातला हाय. याले कुठीच जायाची घाई नाही."

मास्तरांच्या घरी वीज होती, म्हणजे मीटर होतं. त्या वर्षांत आमच्याकडे 'लाइन गेली का' असं कुणी विचारत नसे, 'आली का' असं विचारत. त्यामुळे टेपरेकॉर्डर चालायचा सेलवर. आणि सेल संपले म्हणून लगेच नवे आणायचे, हीही आमच्याकडची रीत नव्हती. मास्तरांच्या अंगणात सुपात मिरच्या वाळत असत आणि मिरच्यांशेजारी चार सेल वाळत असत. ऊन खाऊन त्यांच्यात थोडा जीव यायचा. तेवढ्या जिवावर मास्तर गाणं ऐकायचे, थांबवायचे, मागे न्यायचे, क्लॅरिनेटवर उतरवून घ्यायचे. यात एक उन्हाळा गेला. पावसाळ्यात लग्नं नसतात, तेव्हा त्यांनी ते अकरा जणांकडून बसवून घेतलं. खुळखुळेवाल्याला या गाण्यात काही कामच नव्हतं. तो बिचारा हात खाली सोडून उभा राही. त्यानं तक्रार केली तर मास्तर म्हणाले, "तू चुप राहून राह्यला ना, ते बराबर चुप राह्य. इकडे-तिकडे पाहू नोको."

मी बी.ए., इंग्रजी घेऊन, सेकंड क्लास. गावात माझा तेवढा एक रुबाब होता. पण मास्तरांनी मला गाण्याचा अर्थ कधी विचारला नाही. उलट त्यांनीच मला सांगितला. "बाई निंगाली हाय. तो म्हनून राह्यला, जाशीन ना बाप्पा, कोन अडवते तुले. घडीभर बस. चहा ठेवला हाय." मी हसलो. मग एकदा हट्टानं त्यांच्या घरी बसून शब्द न् शब्द लिहून काढला. इतकं स्वच्छ इंग्रजी मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. एकेक शब्द सुटा, पुढचा शब्द येईपर्यंत मागचा नीट लिहून व्हायचा. आमचे सर कॉलेजात असं बोलले असते तर मला फर्स्ट क्लास मिळाला असता. लिहून झाल्यावर पाहिलं तर चहा सोडून मास्तरांचा अर्थ सगळा बरोबर होता.

म्हणून ते गाणं मास्तर वरातीत वाजवत नसत. ते फक्त पाठवणीचं. जेवणं झाली, मुलगी सगळ्यांच्या गळ्यात पडून झाली, जीपमध्ये बसली की मास्तर पुढे येत. आणि ते गाणं संपेपर्यंत जीप सुरू करायची नाही, असा आमच्या भागात दंडकच पडून गेला. कुणी केला कुणास ठाऊक, पण सगळे पाळत. बाहेरगावच्या एका ड्रायव्हरनं एकदा मध्येच इंजिन सुरू केलं, तर मुलीच्या बापानं रडता रडता खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली आणि खिशात टाकून पुन्हा रडायला लागला. एरवी मास्तरांच्या संथपणाला शिव्या घालणारी माणसं गाण्याच्या त्या सात मिनिटांत गप्प असत. त्या मुलींच्या आयांना ती सात मिनिटं किती लागत असतील, हे मला माझ्या मुलीच्या लग्नात कळलं.

कापसाची ती वर्षं वाईट होती. लग्नं लहान झाली, कुणी अकराऐवजी सहाच माणसं पाठवा म्हणत. आणि वरातीच्या वाटेवर एखादं गाव असं लागे की तिथं आठ-पंधरा दिवसांमागे कुणीतरी विष घेतलेलं असे. अशा गावाच्या वेशीवर मास्तर हात वर करत आणि बँड बंद. लाल कोटातली अकरा माणसं मुकाट चालत, मागे घोड्यावर नवरदेव. वऱ्हाडातले कुरकुरत, "वाजवाले आनलं तुमाले का चालाले?" मास्तर म्हणत, "त्या घरी ऐकू गेलं तं मले पुन्हा फुंकता येनार नाही." पलीकडची वेस ओलांडली की मग मागचंही वाजवून देत. त्यांच्या सावकाशपणाला अपवाद एकच, त्यांच्या नगरातली चौदा एप्रिलच्या जयंतीची मिरवणूक. त्या दिवशी ते असे काही सुटायचे की पोरांना नाचता नाचता धाप लागे. दुसऱ्या दिवशी अंगाला तेल लावून दिवसभर पडून राहत आणि कुणी विचारलं तर सांगत, "कालचा मी नोतो तो."

अशात मी नागपूरहून माल आणताना एक वेगळीच कॅसेट उचलली. कव्हरवर समुद्र, नारळाची झाडं आणि डोक्यावर जटा वाढवलेले पाच जण. दुपारी लाइन आली तशी मी ती दुकानाबाहेरच्या भोंग्यावर लावली. दोन मिनिटांत माझ्याही लक्षात आलं की चाल ओळखीची आहे. मास्तर समोरच्या हॉटेलात चहा बशीत ओतत होते. त्यांनी बशी खाली ठेवली, उठले, आणि तरातरा रस्ता ओलांडून आले. येणाऱ्या एसटीला करकचून ब्रेक लावावा लागला. ड्रायव्हर खाली उतरून विचारायला आला की मास्तरांच्या घरी सगळं ठीक आहे ना.

"हे कोन वाजवून राह्यलं माह्यं इंग्लिश?"

"मास्तर, हे रेगे आहे."

"कोन रेगे? कचेरीत होते ते?"

मी म्हटलं, रेगे हा तिकडच्या एका बेटावरचा गाण्याचा प्रकार. यात आपण टाळी देतो तिथं गिटार गप्प असते आणि दोन टाळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागी 'चक्, चक्' वाजते. खालून ढोलासारखा जाड आवाज चालतो. ऐकणाऱ्याचे गुडघे आपोआप वाकतात. मास्तरांचे वाकले नाहीत. ते मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, "गान्याले उचकी लागली विनूभाऊ. पानी पाजा त्याले."

झालं. नेरमध्ये त्या संगीताचं नाव उचकी पडलं. पोरं दुकानात येऊन "काका, एक उचकी द्या" म्हणू लागली. पुढच्या वर्षी त्याच गाण्याची दुसरी उचकी आली, बाईच्या आवाजातली. मग तिसरी आली, तिच्यात मध्येच एक जण भराभर काहीतरी बोलत सुटतो. मास्तर म्हणाले, "हा कंडक्टर हाय. पुढच्या गावायचे नावं सांगून राह्यला." तिन्ही खूप खपल्या. यवतमाळच्या डीजेवाल्यांनी उचकी उचलली आणि आमच्याकडच्या नवरदेवांना तिच्यावर खांदे उडवत नाचता येऊ लागलं. माझा धंदा चालला होता म्हणून मी मास्तरांची बाजू घेतली नाही, हे इथं कबूल करून टाकतो.

बँडमध्येही कुरबुर सुरू झाली. रमेश म्हणून त्यांचा ट्रम्पेटवाला होता, तयारीचा, पण तोंडाचा फटकळ. तो म्हणायचा, "मास्तर, पार्टी उचकी मागून राह्यली. आपुन सात मिनिटं रडगानं वाजवतो." मास्तर म्हणायचे, "पार्टी उद्या म्हनन नवरीले पोत्यात घालून न्या. नेशीन?" उचकीवाले सगळे चोर आहेत, यावर ते ठाम होते. "कोनीही उठाव, दुसऱ्याच्या गान्याले धक्का माराव अन् आपलं म्हनाव. ओरिजनल ते ओरिजनल. अन् ते माह्यापाशी हाय, पेटीत." हे म्हणताना त्यांचा हात आपोआप कोटाची वरची गुंडी ऐटीत सारखी करी.

मास्तरांच्या घरात दुसरं माणूस एकच, त्यांची मुलगी सुजाता. आई ती चार वर्षांची असताना गेली. पोरीला मास्तरांनीच वाढवलं, तेही त्यांच्या पद्धतीनं. तिची वेणी घालायला त्यांना इतका वेळ लागे की शाळेची पहिली घंटा रोज घरीच ऐकू यायची. अंगणात बँडची तालीम चाले आणि साइड ड्रमवाला आला नाही की सुजाता काड्या घेऊन बसे. बसे म्हणजे काय, त्या ड्रमवाल्यानं कधी येऊच नये असं वाजवी. पण तालमीपुरतं. वरातीत तिला नेलं नाही कधी. "लोक वरात पाहतीन का तुले?" असं मास्तर म्हणत. ती रागावून आत जाई आणि भाकरी थापताना परातीवर तोच ठेका धरी.

तिचं उमरखेडच्या मुलाशी जमलं. मुलगा डेपोत मेकॅनिक, सरळ. सुपारी फुटली त्याच दिवशी मास्तरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "सुजीले वाटे लावाले मीच वाजवीन. ओरिजनल." नातेवाइकांनी समजावलं की मुलीच्या बापानं लाल कोट घालून वाजवणं बरं दिसत नाही, पाहुणे काय म्हणतील. मास्तर म्हणाले, "म्हनतीन, बापाले काहीतरी येते." एवढ्या वर्षांत त्यांनी तालुक्यातल्या किती मुली त्या गाण्यावर पाठवल्या असतील. दर वेळी, मला वाटतं, ते याच एका दिवसाची तालीम करत होते.

आणि इथं मी माती खाल्ली.

लग्नाला तीन आठवडे होते. सुजाताला काहीतरी द्यावं, आणि मास्तरांनाही काहीतरी द्यावं, असं माझ्या मनात आलं. मी मास्तरांना म्हटलं, एक दिवस तुमचा टेपरेकॉर्डर द्या, साफ करून आणतो. उघडून पाहतो तो आतला रबरी पट्टा जुन्या लेंग्याच्या नाडीसारखा लोंबत होता. मी नवा पट्टा घातला, हेड पुसला, चार नवे कोरे सेल टाकले, दुकानातली एक कॅसेट लावून पाहिली. छान चालली. हे मी माझ्या हातानं, माझ्या खिशातून आणि अगदी चांगल्या मनानं केलं. माणसानं चांगलं मन फार वापरू नये.

संध्याकाळी तालमीला सगळा बँड अंगणात होता. मास्तरांनी पेटीतून ती कॅसेट काढली, फडक्यानं पुसली, लावली. पियानो धावतच आला. त्याच्या मागे गाणारा आला, तोही कुठंतरी बस धरायची असल्यासारखा. आवाज बारीक, कोवळा. मास्तरांनी कॅसेट बाहेर काढून पाहिली, उलटी केली, पुन्हा सुलटी करून लावली.

"हा पोट्टा कोन?"

"तोच आहे मास्तर."

"तो नोय. माह्यावाला जाडजूड होता. पन्नाशीचा. हा तं कॉलेजात जाऊन राह्यला."

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण बी.ए., सेकंड क्लास. मी सगळं नीट समजावून सांगितलं. पट्टा ढिला होता, सेल उन्हात वाळवलेले, त्यामुळे कॅसेट हळू फिरायची, हळू फिरली की आवाज जाड होतो. मूळ गाणं हे असं आहे, चार मिनिटांचं. "म्हणजे ओरिजनल हे आहे, मास्तर," असंही मी म्हणालो. रमेश फिसकन हसला, पण दुसऱ्या कुणीच हसलं नाही म्हणून त्याचं हसू अर्ध्यात राहिलं. मास्तरांनी टेपरेकॉर्डरच्या मागचं झाकण उघडलं, चारही सेल एकेक करून काढले आणि माझ्या हातावर ठेवले. "घेऊन जा," एवढंच म्हणाले.

त्यानंतरच्या दोन लग्नांत मास्तरांनी पाठवणीला कुठलंसं सिनेमाचं गाणं वाजवलं. एका मुलीच्या आईनं विचारलं, इंग्लिश काहून नाही? मास्तर म्हणाले, "ते चुकलं होतं बाई." ज्या माणसानं इतकी वर्षं जगाला चोर म्हटलं, त्याला आता वाटत होतं की सगळ्यात मोठी भेसळ आपल्याच घरात निघाली. मी जुना ढिला पट्टा कचऱ्याच्या डब्यातून शोधून काढला, धुतला आणि त्यांच्याकडे घेऊन गेलो. ते म्हणाले, "पट्टा ढिल्ला करता येते विनूभाऊ. माहा कान कसा ढिल्ला करता?" मी पट्टा खिशात घालून परत आलो. इतकी लाज मला पुन्हा कशाची वाटली नाही.

मग सुजाता दुकानात आली. आमच्याकडे नवरी लग्नाआधी बाजारात फिरत नाही, पण ती आली.

"काका, तुमी काय करून ठेवलं? बाबा त्या गान्याले हातच लावून नाही राह्यले."

मी म्हटलं, मी माफी मागितली आहे.

"माफी ठेवा तुमच्यापाशी. मले त्या गान्याबिगर त्या घरातून निंगता येनार नाही. अन् त्यायले ते वाजवाचं नाही. मंग मी जाऊ कशी? सिनेमाच्या गान्यावर?" तिनं काउंटरवरची एक कॅसेट उचलून परत आपटली. "मी गेल्यावर त्यायच्यापाशी राहन काय, सांगा."



लग्नाला आठ दिवस राहिले असताना एका दुपारी मास्तर स्वतःच आले. बाकावर बसले. म्हणाले, "ते उचक्या लावा. तिन्ही." मी लावल्या. ते डोळे मिटून बसले. तिन्ही झाल्यावर म्हणाले, "अजून." दुसऱ्या फेरीला मला दिसलं की त्यांचं बोट मांडीवर मधल्या रिकाम्या जागी पडतंय. गिऱ्हाइकं आली, मी त्यांना खुणेनं परत पाठवलं.

बऱ्याच वेळानं मास्तरांनी विचारलं, "हे लोक राह्यते तिथं लाइन जाते का?"

"जात असेल. गरीब मुलूख आहे म्हणतात. समुद्रातलं बेट."

"मंग बराबर." ते पुढे सरकून बसले. "यायनंही ते गानं सेलवरच ऐकलं असन, नाही तं लाइनवर. अन् लाइन कशी? आली, गेली. आली, गेली. ऐकलं तसंच्या तसं बसवलं यायनं. बिचाऱ्यायले वाटलं असन हेच ओरिजनल, माह्यासारखंच."

मला माहीत होतं की असं नाही. तो ठेका त्या लोकांचा स्वतःचा आहे, त्यांच्या ढोलांतून आणि नाचांतून आलेला. विजेचा त्याच्याशी काही संबंध नाही. सगळं जिभेवर आलं होतं. पण खरं सांगून काय होतं ते मी नुकतंच पाहिलं होतं. मी म्हटलं, "असेल, मास्तर."

"पिकते काय तिकडे? कापूस?"

"ऊस."

मास्तरांनी मोठा सुस्कारा टाकला. "मंग त्यायचं बरं हाय." मग म्हणाले, "चोर म्हनलो म्या त्यायले. उगाच म्हनलो." आणि उठून, रस्ता आपल्या नेहमीच्या चालीनं ओलांडून घरी गेले. संध्याकाळी त्यांच्या अंगणातून क्लॅरिनेट ऐकू आलं. तेच गाणं, सात मिनिटांचं. मी दुकानात एकटा होतो म्हणून बरं, कारण मला रडू आलं.

लग्न विहारामागच्या मैदानात झालं. सुजाता पांढऱ्या साडीत, मास्तर लाल कोटात. लग्न लागलं, जेवणं झाली. उमरखेड लांब, पाहुण्यांना चारच्या आत निघायचं होतं. सुजाता सगळ्यांना भेटून, शेवटी बापाच्या गळ्यात पडून जीपमध्ये बसली आणि मास्तर पुढे आले.

त्या दिवशी मास्तर जसं वाजवत होते तसं मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. एकेक स्वर ठेवताना जागा पुसून घेतल्यासारखा. बायका रडायच्याही थांबल्या. शेवटची ओळ आली. ती संपता संपता मास्तर वळले आणि पुन्हा पहिली ओळ सुरू केली. बँडवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पण त्यांच्या मागोमाग वाजवत राहिले. दुसऱ्यांदा शेवटची ओळ आली. मास्तर पुन्हा वळले. ड्रायव्हर किल्लीला हात लावू लागला तेव्हा नेरच्या दोघा-तिघांनी त्याला आमचा दंडक समजावला. नवरदेवाचा मामा घड्याळ पाहू लागला. तिसऱ्यांदा वळले तेव्हा मैदानातल्या सगळ्यांना एकदमच कळलं. गाणं संपलं की जीप निघणार होती, आणि गाणं संपवणं मास्तरांच्या हातात होतं.

चौथ्या फेरीला त्यांचा श्वास पुरेना. स्वर मध्येच तुटे, पुन्हा सांधला जाई. डोळे मिटलेले, मान लाल झालेली. रमेशनं ट्रम्पेट खाली घेतला. त्यांना थांबा म्हणायचं धाडस कुणात नव्हतं, आणि सांगून उपयोगही नव्हता. मी दोन पावलं पुढे गेलो आणि तिथंच थांबलो.

सुजाता जीपमधून उतरली. तिच्या सासूनं "अवं, अवं" केलं. ती सरळ साइड ड्रमवाल्यासमोर गेली आणि दोन्ही हात पुढे केले. त्यानं काड्या दिल्या. ड्रम त्याच्याच गळ्यात राहिला आणि ती समोर उभी राहून वाजवू लागली, सगळ्या वऱ्हाडादेखत, डोक्यावरचा पदर न सावरता. वाजवायला लागली ती उचकी. बापाच्या दोन स्वरांमधल्या रिकाम्या जागेत, चक्, चक्.

मास्तरांनी डोळे उघडले. थोडा वेळ क्लॅरिनेट आपलंच खरं करत राहिलं. पोरगी डोळ्यांतून धारा लागलेल्या असताना ठेका धरून होती, आणि तो अगदी हळूहळू, कुणाला कळेल न कळेल असा, पुढे ओढत होती. मग मास्तरांचा पाय हलला. मग क्लॅरिनेट तिच्या ठेक्यात आलं. रमेशनं ट्रम्पेट तोंडाला लावला आणि सगळा बँड मागून त्याच ठेक्यात आला. गाणं निघालं. मधली ओळ गेली, शेवटची ओळ आली, आणि ती संपायच्या आत सुजातानं काड्यांचा असा कडकडाट केला, अशी थाप टाकली, की त्यापुढे वळायला जागाच राहिली नाही.

क्लॅरिनेट थांबलं. तिनं काड्या परत दिल्या. बापाजवळ आली, हातानं त्यांचा चेहरा पुसला. "येतो मी, बाबा," म्हणाली आणि जीपमध्ये जाऊन बसली. ड्रायव्हरनं आमच्याकडे पाहिलं. आम्ही मान हलवली.

जीप वळणावरून दिसेनाशी झाली तरी मास्तर तसेच उभे होते. मी शेजारी होतो. ते म्हणाले, "रडून राह्यली होती विनूभाऊ. तरी ठेका सोडला नाही पोट्टीनं." मग क्लॅरिनेट मांडीवर घेऊन, लाल कोटासकट, ते तिथंच धुळीत खाली बसले. उठा असं त्यांना आमच्यापैकी कुणी म्हटलं नाही.